केनेडी, कलिंगड आणि भावोजी: जेवणानंतरच्या वादात फिजिक्स कसं वापरायचं

घणसोलीला ताईकडे जेवण झालं, बडीशेप फिरली की भावोजी मोबाईल काढतात आणि तोच व्हिडिओ लावतात, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा, आणि नेमका तिथेच पॉज करून म्हणतात, "बघ, डोकं मागे गेलं की नाही? मग गोळी समोरूनच आली ना, साधं लॉजिक आहे." मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने त्या प्रकरणाच्या राहिलेल्या फायली खुल्या केल्या तेव्हापासून तर रविवार गेला नाही असा. मी आधी चिडायचो, मग गप्प बसायचो, मग एकदा घरी येऊन वहीत गणितं केली, आणि आता मला या वादात मजा यायला लागलीय. तुमच्याही घरात असे एक भावोजी, काका, कट्ट्यावरचा मित्र असणारच, म्हणून ही पद्धत लिहून काढतोय. लागणारं सामान: फुगा, शिवणाचा दोरा, स्ट्रॉ, सेलोटेप, दोन खुर्च्या, एक पाट, मोबाईलवरचं कॅल्क्युलेटर. आणि जमलं तर कलिंगड, पण ते खायला.

सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करून टाका आणि मोठ्याने करा, की कट होता की नव्हता हे फिजिक्स सांगत नाही. मारेकरी म्हणून पकडलेल्या ओस्वाल्डला कोणी पाठवलं, सीआयए, माफिया, क्युबा, हे फूटपट्टीने मोजता येत नाही. आपण फक्त मोजता येणाऱ्या गोष्टींवर बोलणार, अंतर, वेळ, वजन, वेग. हे आधी बोललात की समोरचा अर्धा निवळतो कारण त्याला वाटत असतं की तुम्ही सरकारची बाजू घेऊन आलाय. मग त्याच्याकडून एकच दावा घ्यायचा. एकच. तो सहा दावे एका दमात टाकेल, छत्रीवाला माणूस, गायब साक्षीदार, अमकं तमकं, सगळ्याला हो हो म्हणा आणि विचारा, "यातला तुमचा सगळ्यात भारी मुद्दा कुठला?" तो डोकं मागे जाण्याचाच निघतो, दहातल्या नऊ वेळा.

थोडी माहिती पाठ पाहिजे, नाहीतर पहिल्याच चेंडूवर आउट. २२ नोव्हेंबर १९६३, डॅलस, दुपारी साडेबारा. केनेडींची उघडी लिंकन गाडी एल्म स्ट्रीटच्या उतारावरून साधारण १८ किलोमीटर ताशी वेगाने चाललेली, म्हणजे घोडबंदर रोडला संध्याकाळी चालते तेवढ्याच वेगाने. मागे टेक्सास स्कूल बुक डिपॉझिटरीची इमारत, गोळ्या तिच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून आल्या असं वॉरन कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, १९६४ मध्ये सांगितलं. समोर उजवीकडे गवताचा उंचवटा, कटवाल्यांचा खरा मारेकरी तिथे. आणि झाप्रूडर नावाचा कपड्यांचा व्यापारी ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने शूट करत उभा होता, त्याच्या फिल्मचा वेग सेकंदाला १८.३ फ्रेम. हा १८.३ आकडा सोन्याचा आहे, तो फिल्मलाच घड्याळ बनवतो. डोक्याला गोळी लागते ती फ्रेम ३१३.

आता अंतर. शेवटच्या गोळीच्या वेळी खिडकीपासून गाडी सुमारे २६५ फूट, म्हणजे ८१ मीटर. लोकांच्या डोक्यात पिक्चरमधला स्नायपर असतो, एक किलोमीटरवरून वगैरे. ८१ मीटर म्हणजे किती ते असं सांगा: लोकलचा एक डबा साधारण २० मीटर, म्हणजे चार डबे. ठाण्याला प्लॅटफॉर्मवर उभं राहून चार डबे पलीकडचा माणूस बघा, त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा दिसतो, आणि ओस्वाल्डच्या रायफलवर दुर्बीण होती.

मग वेळ. "साडेपाच सेकंदात तीन गोळ्या, अशक्य!" हे वाक्य येणारच. इथे आधी स्टेशनं मोजायला सांगा. ऐरोली, रबाळे, घणसोली, स्टेशनं तीन, पण मधली अंतरं किती? दोन. पहिली गोळी झाडली तेव्हा घड्याळ सुरू, म्हणजे तीन गोळ्यांसाठी बोल्ट (पुढची गोळी नळीत सरकवणारा खटका) दोनदाच ओढायचाय, आणि त्या रायफलवर एका वेळी कमीत कमी २.३ सेकंद लागतात हे तेव्हाच तपासलेलं. आता साडेपाच सेकंद हा आकडाच किती खरा ते बघू. दुसरी गोळी फ्रेम २२३-२२४ च्या आसपास लागली असं बहुतेक अभ्यासक मानतात, शेवटची ३१३ ला, फरक ९० फ्रेम, भागिले १८.३, आले ४.९ सेकंद. पहिली, जी चुकली, ती १६० च्या आसपास धरली तर १६० ते ३१३ म्हणजे १५३ फ्रेम, साधारण ८.४ सेकंद. पहिल्या गोळीची जागा वादाची आहे हे प्रामाणिकपणे सांगा, पण भागाकार त्यालाच करायला द्या, स्वतः करू नका. माणूस दुसऱ्याच्या उत्तराशी भांडतो, स्वतःच्या कॅल्क्युलेटरशी सहसा नाही.

आता मुख्य जेवण, डोकं मागे का गेलं.

हे समजवायचं तर आधी पिक्चरमधली गोळी डोक्यातून काढावी लागते. पिक्चरमध्ये गोळी लागली की माणूस काच फोडून मागे उडतो. खरंच असं होतं का ते संवेगावरून बघा, नववीला शिकलो तोच, वस्तुमान गुणिले वेग. ओस्वाल्डच्या त्या कार्कानो रायफलची गोळी सुमारे १०.४ ग्रॅमची, तिथे पोचेपर्यंत वेग सेकंदाला साधारण ५५० मीटर. गुणाकार केला तर ५.७ येतो. आता सीझन बॉल घ्या, १६० ग्रॅम. तेवढाच संवेग यायला त्याला सेकंदाला ३६ मीटरने जावं लागेल, म्हणजे ताशी १२९-१३० किलोमीटर. म्हणजे गोळीचा नुसता धक्का हा आपल्या बऱ्यापैकी मीडियम पेसरच्या बॉलएवढा! विकेटकीपर तो बॉल हातात घेतो आणि उडून बाउंड्रीपार जातो का? नाही ना. गोळी मारते ती लहान जागेत घुसून आतलं सगळं फाडते म्हणून, ढकलते म्हणून नाही. सत्तर किलोच्या माणसाला ५.७ चा सगळा संवेग दिला तर तो सेकंदाला आठ सेंटीमीटरने सरकेल, मुंगीच्या वरातीसारखा. आणि दुसरं, गोळी समोरच्याला उडवत असती तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने बंदूकवालापण तेवढाच मागे उडाला असता, नाही का.

इथे भावोजी थांबले होते. मी बघितलं, त्यांनी बडीशेपेची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "बरं, पण मग मागे गेलं कशाने?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून यावा लागतो, तुम्ही घाई करून उत्तर देऊ नका. कारण आता गंमत अशी झालीय की गोळी समोरून आली असती तरी नुसत्या तिच्या धक्क्याने अख्खं शरीर तसं मागे जायला नको, म्हणजे "मागे गेलं म्हणून समोरून" हे लॉजिक दोन्ही बाजूंनी लंगडं.

आता फुगा काढा. खिडकीच्या ग्रिलला दोरा बांधा, स्ट्रॉ ओवा, दुसरं टोक फ्रिजच्या हँडलला. फुगा फुगवा, तोंड बोटांनी धरून फ्रिजकडे ठेवा, स्ट्रॉला सेलोटेपने चिकटवा, सोडा. हवा फ्रिजकडे, फुगा ग्रिलकडे. ताईच्या घरी पहिल्यांदा सेलोटेप सुटला आणि फुगा फोडणीच्या कढईत पडला, तेव्हा गॅस बंद असताना करा. मग विचारायचं, "भावोजी, फुग्याला फ्रिजकडून कोणी ढकललं का?" कोणी नाही, आतलं एका बाजूला गेलं म्हणून तो दुसऱ्या बाजूला गेला. दिवाळीतलं रॉकेट तेच करतं.

डोक्याचंही असंच झालं असेल असं लुईस अल्वारेझ म्हणाले. हे कोणी साधे गृहस्थ नव्हेत, १९६८ चं फिजिक्सचं नोबेल, आणि नंतर १९८० मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ मुलाबरोबर डायनासोर लघुग्रहाच्या धडकेने संपले ही कल्पना मांडली ते हेच. (हे ऐकून भावोजींच्या चेहऱ्यावर आदर येतो, वापरा.) त्यांनी १९७६ मध्ये निबंध छापला. प्रयोग काय केला, तर खरबुजांवर मजबूत टेप गुंडाळून त्यांच्यावर रायफलने गोळ्या झाडल्या, आणि बहुतेक खरबुजं पुढे न जाता बंदुकीकडे परत आली. गोळी जिथून बाहेर पडते तिथून आतला गर पिचकारीसारखा पुढे उडतो, आणि खरबूज मागे. मागून मारलं, मागेच आलं.

पण नुसतं "फुगा" म्हणून सुटका होत नाही. हुशार माणूस म्हणेल, गोळी पुढे ढकलतेय, गर पुढे उडतोय, म्हणजे मागे ढकलणाऱ्या पिचकारीचा जोर गोळीच्या धक्क्यापेक्षा जास्त कसा? बरोबर प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. गोळी हलकी आणि वेगवान, म्हणून तिच्यात ऊर्जा खूप पण संवेग कमी. ऊर्जा काढा, अर्धा गुणिले ०.०१०४ गुणिले ५५० चा वर्ग, साधारण १५७० जूल. यातला फक्त दहावा भाग, १५० जूल, अर्धा किलो गराला मिळाला असं धरा. वेग किती येतो? सेकंदाला साधारण २४ मीटर. आणि त्या अर्ध्या किलोचा संवेग १२. गोळीचा ५.७ होता, हा दुप्पट! तीच ऊर्जा जड वस्तूला दिली की संवेग वाढतो, पैसे तेच पण माल जास्त, असं मी भावोजींना सांगितलं, त्यांचा धंदा हार्डवेअरचा, लगेच पटलं. अर्धा किलो आणि दहा टक्के हे माझे अंदाज आहेत, कलिंगडाच्या भाषेत, पण मुद्दा असा की हे अशक्य नाही, पिचकारी जिंकू शकते.

आणि आता तुमच्याच बाजूचं दुबळं टोक तुम्हीच दाखवा, कारण समोरच्याने ते आधी यूट्यूबवर बघितलं असेल तर तुमची फजिती. अल्वारेझच्या टीमने नारळासारख्या बाकीच्या वस्तूंवरही गोळ्या झाडल्या होत्या आणि त्या मागे आल्या नाहीत, पुढे गेल्या. शिवाय त्यांची रायफल कार्कानोपेक्षा जोरदार होती. आणि ३१२ ते ३१३ मध्ये डोकं आधी पाच-सहा सेंटीमीटर पुढे गेलेलं दिसतं, मग मागे. ते पुढे जाणं खरं असेल तर मागून आलेल्या गोळीला पक्का पुरावा, पण काही जण म्हणतात की त्यात कॅमेरा हलल्याचा धूसरपणा मिसळलाय. शिवाय मेंदूला इजा झाल्यावर स्नायू अचानक ताणले जातात आणि शरीर आखडतं, त्याचाही वाटा असू शकतो, पाठीच्या दुखण्यासाठी केनेडी कमरेला पट्टा बांधायचे त्याचाही. म्हणून पिचकारीवर घर बांधू नका. तुमचं वाक्य एवढंच असावं: मागे जाण्यावरून गोळीची दिशा ठरत नाही. याच्यापुढे एक पाऊल टाकलंत की त्याला पकडायला जागा मिळते.

तो आता जादुई गोळीवर जाणार. एका गोळीने केनेडी आणि पुढे बसलेले टेक्सासचे गव्हर्नर कॉनली दोघं जखमी झाले, हे पटत नाही लोकांना, आणि चित्र काढतात तेव्हा गोळी डावीकडे उजवीकडे वळताना दाखवतात, कबड्डीतल्या चढाईसारखी. चूक चित्राची आहे. दोघं एकापुढे एक, एकाच उंचीवर बसलेत असं काढलंय. खरं म्हणजे कॉनली मधल्या फोल्डिंग सीटवर होते, ती केनेडींच्या सीटपेक्षा साधारण तीन इंच खाली आणि सहा इंच आत. केनेडी अगदी उजव्या कडेला, हात गाडीच्या दारावर. शेअर रिक्षात चौथ्या सीटवर ड्रायव्हरला खेटून बसलेल्या माणसाला आणि मागच्या कोपऱ्यात बसलेल्याला एका सरळ रेषेत समजता का तुम्ही? मग आता दोन खुर्च्या मांडा, पुढच्या जागी पाट, अर्धी वीत डावीकडे सरकवून. मागे उंचावर, दाराच्या चौकटीच्या वरच्या खिळ्याला दोरा बांधून मागच्याच्या मानेजवळून पुढच्याच्या उजव्या काखेच्या मागे न्या. ताण द्या. सरळ जातो. भाचा पाटावर बसला होता, मान वाकडी करून बघत म्हणाला, "मामा, सरळच आहे की." रस्त्याचा साधारण तीन अंशांचा उतार आणि खिडकीचा कोन मिळून हेच होतं. कॉनलींच्या पाठीवरची जखम गोल नव्हती, लांबट होती, म्हणजे गोळी आधी कशातून तरी जाऊन डुलत आली होती. भाच्याचंच उदाहरण घ्या, तो पेन सरळ फेकतो तेव्हा वहीला टोकाचं भोक पडतं, गरगरत फेकला की आडवा ओरखडा.

"गोळी तर नवीकोरी सापडली!" हेही येईल. ती नवीकोरी नव्हती, बुडाशी चपटी झालेली आणि वजन १५८.६ ग्रेन (गोळ्या मोजायचं छोटं माप), मूळ १६० च्या आसपास असतं. तिला तांब्याचं पूर्ण आवरण होतं आणि हाडापर्यंत पोचेपर्यंत वेग उतरलेला. लाकडात हळू ठोकलेला खिळा सरळ राहतो, जोरात वाकडा मारला की वाकतो, एवढं पुरे.

मग शेवटचा हुकमी पत्ता: "अमेरिकेच्या संसदेच्या समितीनेच १९७९ मध्ये कट मान्य केला, चार गोळ्या म्हणाले!" खरं आहे, टाळू नका. समितीने पोलिसांच्या मोटरसायकलच्या उघड्या मायक्रोफोनवरून झालेल्या रेकॉर्डिंगच्या आधारे चौथ्या आवाजाची शक्यता ९५ टक्के सांगितली होती. पण तीनच वर्षांनी, १९८२ मध्ये, तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या गटाने ते तपासून नाकारलं (अल्वारेझ त्या गटात होते, हेही सांगून टाका, लपवाल तर नंतर बाहेर येईल). कसं नाकारलं ते आपल्याला रोज माहीत आहे. समजा कोणी फोनवर म्हणतंय "मी ऐरोलीलाच आहे, मीटिंगमध्ये", आणि व्हॉइस नोटमध्ये मागे बारीक आवाजात लोकलमधली घोषणा येतंय, "पुढील स्टेशन, कळवा". झालं, पकडला. तसंच त्या पट्टीवर दुसऱ्या चॅनेलवरचं बोलणं अंधुकपणे घुसलेलं होतं, आणि ते बोलणं गोळीबारानंतर साधारण मिनिटभराने झालेलं आहे हे दुसऱ्या रेकॉर्डवरून कळतं. म्हणजे ज्याला गोळ्यांचे आवाज म्हटलं ते गोळ्यांच्या वेळेचेच नाहीत. ही गोष्ट आधी ओहायोतल्या एका ड्रमरच्या लक्षात आली, मासिकाबरोबर मिळालेली रेकॉर्ड ऐकताना. फिजिक्सवाले नंतर आले. भावोजींना ड्रमर फार आवडला.

आवाजावरून अजून एक येतं, की इतक्या लोकांनी गवताच्या उंचवट्याकडून आवाज ऐकला. इथे दिवाळीत सुतळी बॉम्ब कुठे फुटला ते ओळखण्याचा खेळ खेळा, दोन टॉवरच्या मधल्या जागेत. आम्ही खेळलो, गॅलरीतल्या सहा जणांनी तीन वेगळ्या दिशा दाखवल्या. डिली प्लाझा, जिथे गोळीबार झाला तो चौक, पण तसाच, बाजूंनी इमारती, मधे मोकळं. शिवाय गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते तेव्हा तिच्या वाटेवरून स्वतःचा एक फटका ऐकू येतो, पोतराजाचा आसूड वाजतो तसा, आणि बंदुकीचा आवाज मागाहून. ८१ मीटरला आवाजाला पाव सेकंद लागतो, गोळी त्याच्या अर्ध्यात पोचलेली असते. दोन फटके, दोन दिशा, वर प्रतिध्वनी. साक्षीदार खोटं बोलत नव्हते, पण कानाने दिशा ठरवणं तिथे कठीणच होतं. मात्र बहुतेकांनी आवाज तीन ऐकले.

ओस्वाल्डच्या रायफलसकटच्या फोटोतल्या सावल्या खोट्या आहेत असं कोणी म्हणालं तर संध्याकाळी तलावपाळीला चहाच्या टपरीपाशी फोटो काढा, नाकाची सावली आणि पायाची सावली वेगळ्या दिशेला दिसतात कारण चेहरा सपाट नसतो, जमीन असते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या एका संगणकतज्ज्ञाने त्रिमितीय मॉडेल करून तेच दाखवलं. याला पाच मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका.

काय करू नये ते. फ्रेम ३१३ मोठी करून जेवणाच्या टेबलावर लावू नका, तो एक खरा माणूस होता, बाजूला त्याची बायको बसलेली, आणि ताईने एकदा माझ्या हातातून मोबाईलच काढून घेतला. "एवढं साधं कळत नाही का" हे वाक्य बंद. आणि एका बसण्यात दोन मुद्द्यांच्या वर जाऊ नका, घणसोलीहून ठाण्याची गाडी चुकते.

परवा भावोजींचा फोटो आला, ठाणे स्टेशन, प्लॅटफॉर्मवर उभ्या लोकलचा, एका दारापाशी लाल गोल काढलेला. खाली लिहिलंय, "चार डबे मोजले. एवढंच??" मग दोन मिनिटांनी दुसरा मेसेज, "पण मग दोनच दिवसांनी जॅक रुबीने ओस्वाल्डला पोलिसांच्या गराड्यात मारलं, त्याचं सांग." मी लिहिलं की भावोजी, ते फुग्यात येत नाही, रविवारी येतो तेव्हा बोलू, ताईला सांगा कलिंगड कापून ठेव.